‘पुनरावृत्ती’ म्हणून काढून टाकलेल्या पायऱ्या : अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या व्यवस्थापकांना आणि अन्नसुरक्षा यंत्रणांना खुले पत्र

सस्नेह नमस्कार,

महिन्याभरापूर्वी आमच्या पालेभाज्यांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या दारावर चार ओळींची सूचना लागली. पानांवर अतिनील किरण सोडणारा नवा बोगदा सुरू झाला आहे, त्यामुळे धुलाईच्या टाकीनंतरचा पेरासेटिक आम्ल या जंतुनाशकाचा फवारा बंद. पट्टा उघडून दर आठवड्याला होणारी सफाई आता महिन्यातून एकदा. रात्रीच्या सफाईचा वेळ पन्नास मिनिटांनी कमी. कारण एका शब्दात दिलं होतं : ‘पुनरावृत्ती’.

मी आधी तोंडी आक्षेप घेतला. मग लेखी दिला. मग तीन वर्षांच्या चाचण्यांचे निकाल जोडून पुन्हा दिला. त्यावर कुणी रागावलं नाही की कुणी उत्तरही दिलं नाही, आणि सोमवारपासून फवारा बंद झाला. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. कारखान्याचं नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एका कारखान्याचा नाही. याच क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेकांनी हाच अनुभव सांगितला आहे : नवं यंत्र आलं की जुनी पायरी ‘जास्तीची’ ठरते, आणि ती काढण्याआधी ती काय काम करत होती हे कुणी विचारत नाही.

मी कोण, तेही सांगायला हवं. कापून, धुऊन, पाकीटबंद करून थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पालेभाज्यांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं सूक्ष्मजीव प्रयोगशाळा सांभाळते. प्रत्येक लॉटच्या कागदावर ‘विक्रीस योग्य’ या शब्दांखाली माझी सही असते. आणि माझ्या वडिलांचं मूत्रपिंड बदललेलं आहे. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांना आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. निरोगी माणसाला दोन दिवस पोट बिघडवून जाणारा जंतू त्यांचा जीव घेऊ शकतो. लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स या जंतूचा गंभीर संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक माणूस दगावतो. गर्भवतीला झाला तर पोटातलं मूल जाऊ शकतं. पाकिटावर खाणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसतं. मी सही करते तेव्हा ते पाकीट वडिलांसारख्या कुणाच्या घरी जाईल असं धरूनच करते, आणि तुम्हीही तेच धरावं अशी माझी अपेक्षा आहे.

आता मूळ मुद्दा. एकापेक्षा अधिक पद्धती वापरणं म्हणजे तेच काम दोनदा करणं, हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे थोडं सविस्तर लिहिते, कारण निर्णय घेणाऱ्या बैठकीत हे बोलायला मला पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

आमच्याकडे जंतूंची घट ‘लॉग’मध्ये मोजतात. एक लॉग म्हणजे दहातले नऊ गेले, दोन लॉग म्हणजे शंभरातले नव्याण्णव, पाच लॉग म्हणजे लाखात एक उरला. क्लोरीनच्या पाण्यात कापलेली पानं धुतली की साधारण एक ते दोन लॉग घट मिळते. ९९ टक्के ऐकायला मोठे वाटतात, पण सुरुवातीला दहा लाख जंतू असतील तर दहा हजार उरतात. शिवाय धुलाईच्या पाण्यातल्या क्लोरीनचं सर्वांत मोठं काम पानावरचा जंतू मारणं हे नाहीच. एका पानावरून सुटलेला जंतू दुसऱ्या पानावर जाऊन बसण्याआधी त्याला पाण्यातच गाठणं, हे त्याचं खरं काम. क्लोरीन कमी पडलं की तीच टाकी एका घाणेरड्या जुडीतले जंतू शंभर स्वच्छ जुड्यांना वाटते.

क्लोरीनला स्वतःच्या मर्यादा आहेत. पाण्यात ते दोन रूपांत असतं आणि जंतू मारण्याचं खरं बळ हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, ६.५ च्या आसपास असेल तर जवळजवळ सगळं क्लोरीन या रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८.५ ला जेमतेम दहावा भाग. म्हणजे टाकीत क्लोरीन तेवढंच असूनही पीएच चढला की त्याची ताकद गळते. त्यात कापलेल्या पानांचा रस आणि माती पाण्यात उतरली की क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधी त्यांच्यातच खर्ची पडतं. इथे पेरासेटिक आम्ल उपयोगी पडतं. ते सेंद्रिय घाणीमुळे क्लोरीनइतक्या लवकर संपत नाही, पेशीचं आवरण आणि आतली प्रथिनं ऑक्सिडीकरणाने मोडतं, आणि काम झाल्यावर त्याचं असेटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतं.

आणि अतिनील किरणं? मी त्यांच्या विरोधात नाही. २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूच्या डीएनएवर थेट घाव घालतो, रसायन मागे सोडत नाही, पान गरम करत नाही. पण तो सरळ रेषेत जातो. घडी पडलेल्या पानाच्या आतल्या बाजूला, एकावर एक आलेल्या दोन पानांच्या मध्ये, पट्ट्याच्या खालच्या अंगाला तो पोचत नाही. जिथे सावली आहे तिथे प्रक्रिया झालेलीच नाही. थोडा मार लागलेले काही जंतू पुढे साध्या उजेडात आपला डीएनए दुरुस्तही करून घेतात. द्रव घडीत शिरतो, प्रकाश शिरत नाही. म्हणून फवारा आणि बोगदा एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. फवाऱ्याचं मुख्य काम नेमकं त्या सावलीत होतं.

जर्मनीतल्या कुल्मबाख इथे लोथार लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकात मांसपदार्थ टिकवण्याच्या अभ्यासातून हा विचार नीट मांडला. त्यांनी त्याला अडथळ्यांच्या शर्यतीची उपमा दिली. एकच उंच अडथळा असेल तर काही जंतू तो पार करतातच. पण वेगवेगळ्या प्रकारचे मध्यम अडथळे एकामागून एक आले, तर जंतूला पेशीतली आम्लता सावरायची, पाणी धरून ठेवायचं, आवरण दुरुस्त करायचं, डीएनए जोडायचा, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. त्यात त्याची ऊर्जा संपते. याचा दुसरा फायदा खाणाऱ्याला होतो. प्रत्येक अडथळा सौम्य ठेवता येतो. उष्णता कमी, रसायन कमी, आणि पदार्थाची चव, रंग, कस टिकतो. खर्च आणि रसायनांचे अंश यांची काळजी तुम्हाला असेल तर ती रास्त आहे, पण तिचं उत्तरही पद्धतींच्या योग्य जोडणीतच आहे.

काही जोडण्या तर अशा आहेत की एकटी पद्धत जवळजवळ निष्फळ आणि दोन मिळून प्रभावी. नायसिन हे लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूपासून मिळणारं संरक्षक घ्या. ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारख्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे नायसिन त्यांच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. ईडीटीए हे रसायन त्या बाहेरच्या आवरणातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेतं, आवरण सैल होतं, आणि मग नायसिनला वाट मिळते. उच्च दाबाचंही तसंच. वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट दाबाखाली बहुतेक वाढते जंतू मरतात, पण काही जंतू कठीण काळासाठी बनवतात ते चिवट बीजाणू तगतात. दाबाला उष्णतेची जोड दिली की बीजाणूही हरतात. निर्जंतुक पाकिटांच्या वेष्टनावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उष्णता एकत्र वापरणं ही तर कितीतरी वर्षं रुळलेली रीत आहे. यातल्या कोणत्याच जोडणीला कुणी पुनरावृत्ती म्हणत नाही.

पण जितक्या पायऱ्या जास्त तितकं बरं, असंही मी म्हणत नाही. काही जोड्या एकमेकींना मारतात. साबणाच्या प्रकारातला धुण्याचा द्रव नीट न धुता वर क्वाट, म्हणजे चतुर्थक अमोनियमचं जंतुनाशक मारलं, तर दोन्हींचे विद्युत्भार विरुद्ध असल्यामुळे क्वाट निकामी होतं. सौम्य आम्लात काही वेळ काढलेला ई. कोलाय किंवा साल्मोनेला पुढच्या उष्णतेला जास्त चिवट होऊ शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा, मधलं पाणी महत्त्वाचं, वेळ महत्त्वाचा. चार वर्षांपूर्वी आमच्या लाइनवरची क्वाटची एक पायरी मी स्वतः काढायला लावली होती, कारण चाचणीत तिचा काहीच उपयोग दिसला नव्हता. पायरी काढण्याला माझा विरोध नाही. न तपासता काढण्याला आहे.

आता रोलरची गोष्ट सांगते, कारण बंद झालेली आठवड्याची सफाई तिच्यातूनच आली होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कापणीच्या पट्ट्याखालच्या ड्रेनमधून घेतलेल्या स्वॅबमध्ये लिस्टेरिया सापडला. त्या रात्री क्लोरीनची मात्रा दुप्पट केली. पुढचे दोन स्वॅब स्वच्छ आले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. पुन्हा मात्रा वाढवली, पुन्हा गेला, पुन्हा आला. चार महिने हेच. फ्रेमचा रंग उडाला, बोल्ट गंजले, रात्रपाळीच्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, पण लिस्टेरिया जागचा हलला नाही. शेवटी सफाईचं काम करणारे एक काका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात आले आणि म्हणाले, “मॅडम, तो शेवटचा रोलर लाइन बंद असतानाही ठिबकतो.”

रोलर आतून पोकळ होता. कडेच्या जोडाला केसाएवढी चीर होती. कापून उघडला तेव्हा आत पाणी, पानांचा कुजका गाळ आणि भिंतीला बुळबुळीत थर. तो थर म्हणजे बायोफिल्म. जंतू आपल्याभोवती चिकट पदार्थाचं आवरण विणतात आणि त्यात वस्ती करून राहतात. वरच्या थराला लागलेलं क्लोरीन तिथेच खर्च होतं, खालचे जंतू सुखरूप राहतात. लिस्टेरिया थंडीतही वाढतो, फ्रीजच्या तापमानालासुद्धा, त्यामुळे आमच्या गार ठेवलेल्या दालनात त्याला कसलीच अडचण नव्हती. रोज पट्टा फिरला की त्या चिरेतून थोडं पाणी बाहेर, ड्रेनमध्ये आणि पट्ट्याच्या पाठीवर.

तो रोलर फेकून भरीव रोलर बसवला. पण फ्रेमच्या सांध्यांत आणि ड्रेनमध्ये वस्ती होतीच. ती हटवली ती कोणत्याही एका जालीम औषधाने नव्हे. आधी कोरडा गाळ खरवडून काढला. मग अल्कली फोम, ब्रशने घासणं, एन्झाइमचा द्रव लावून चिकट आवरण मोडणं, भरपूर धुणं, डोळ्यांनी बॅटरीच्या उजेडात तपासणं. त्यानंतर पेरासेटिक आम्ल. सुटे भाग गरम पाण्यात बुडवले. आणि सगळ्यात शेवटी दालन कोरडं करणं, ज्याला आधी कुणी पायरीच मानत नव्हतं. पाणी नाही तर वाढ नाही. हा क्रम बसवल्यापासून त्या लाइनवर एकदाही लिस्टेरिया मिळाला नव्हता. आता त्यातली आठवड्याची सफाई महिन्यावर गेली आहे आणि रात्रीची पन्नास मिनिटंही गेली आहेत.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तक्रार वेळेची, आणि ती मला सगळ्यांत जास्त टोचते. उत्पादन लांबलं की सफाईची वेळ खाल्ली जाते, आणि त्यात पहिल्यांदा खाल्लं जातं ते घासणं. जंतुनाशक मारायला दोन मिनिटं लागतात आणि नोंदवहीत ते ठळक दिसतं. घासायला तास लागतो आणि त्याची नोंद एका टिकमार्कची. पण घाण असलेल्या पृष्ठभागावर जंतुनाशक काम करत नाही, हे या क्षेत्रातलं पहिलं वाक्य आहे. वेळ वाचवायला मग जोराच्या पाण्याचा होज मारतात. त्याने ड्रेनमधले जंतू तुषारांवर बसून पुसून ठेवलेल्या पट्ट्यावर जातात. जे हटवायचं तेच आपण रात्रभर खपून पसरवतो.

दुसरी : मोजण्याऐवजी ओतणं. टाकीत क्लोरीन किती टाकलं याची नोंद असते. त्या क्षणी मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन किती उरलं आणि पीएच काय आहे याची नोंद दर काही तासांनी, तीही स्ट्रिपच्या रंगावरून अंदाजाने. वेगाने धावणाऱ्या लाइनवर काही मिनिटांत पाणी बदलतं.

तिसरी तक्रार माझ्याच विभागाच्या कामाबद्दल आहे आणि ती मी लपवणार नाही. कित्येक ठिकाणी स्वॅब घेतात ते जंतुनाशक मारल्या मारल्या, अजून ओल्या असलेल्या पृष्ठभागावरून, आणि नळीत ते जंतुनाशक निष्प्रभ करणारा पदार्थ नसतो. क्लोरीनसाठी साधं सोडियम थायोसल्फेट लागतं. ते नसेल तर नळीतल्या प्रवासातही क्लोरीन जंतू मारत राहतं आणि कागदावर ‘आढळला नाही’ असं येतं. उत्पादन सुरू होऊन तीनेक तास झाल्यावर, पट्टा फिरून सांध्यांतलं पाणी बाहेर आल्यावर घेतलेला स्वॅब खरं सांगतो. तो घ्यायला लोक बिचकतात, कारण तो पॉझिटिव्ह आला तर माल अडतो. शिवाय जंतुनाशकाने अर्धमेले झालेले काही जंतू प्रयोगशाळेच्या कडक माध्यमावर उगवत नाहीत, पण मेलेलेही नसतात. निकाल स्वच्छ आला म्हणून पायरी काढायची असेल, तर तो निकाल कसा मिळवला हे आधी विचारा.

चौथी माणसांबद्दल. ‘पद्धती एकत्र करा’ याचा अर्थ ‘रसायनं एकत्र करा’ असा घेतला गेलेला मी पाहिला आहे. वेळ कमी, सूचना अर्धवट, आणि रात्रपाळीतल्या नव्या मुलाने क्षार काढायचं आम्ल आणि हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक एकाच बादलीत ओतलं. निघाला तो क्लोरीन वायू. त्याला दोघांनी धरून बाहेर मोकळ्या हवेत नेलं. तो वाचला, पण खोकला कितीतरी दिवस गेला नाही. क्लोरीन आणि अमोनियायुक्त द्रव एकत्र आले तरी विषारी वायूच निघतात. एकत्र याचा अर्थ एकामागून एक, मध्ये स्वच्छ पाण्याने धुऊन, असा आहे. हे ज्याच्या हातात बादली आहे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगायचं? रसायन विकणाऱ्याचा माहितीकागद लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो.

पाचवी तक्रार अन्नसुरक्षा यंत्रणांकडे. तपासणीला येणारे अधिकारी आमच्याकडे प्रत्येक रसायनाचं प्रमाणपत्र मागतात, यंत्राचं मागतात. ती चाचणी बहुतेक वेळा गुळगुळीत पृष्ठभागावर, ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या जंतूंवर झालेली असते. आमच्या लाइनवर, आमच्या पाण्यात, आमच्या वेगाला, या सगळ्या पायऱ्या या क्रमाने मिळून किती घट देतात, हा प्रश्न अकरा वर्षांत मला एकाही तपासणीत विचारला गेलेला नाही. आणि पायरी काढली तेव्हा कुणाला कळवायची गरज पडली नाही. नवं रसायन आणायचं तर परवानगी लागते, चालू असलेलं संरक्षण बंद करायला लागत नाही.

पायरी गेल्यावर काय होतं, याला उदाहरणं आहेत. २०११ साली अमेरिकेत खरबुजांतून लिस्टेरिया पसरला. १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले. तपासात निघालेल्या गोष्टी आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील : आधी बटाट्यांसाठी वापरलेली, नीट साफ न होणारी यंत्रं, जमिनीवर साचलेलं पाणी, साठवणीआधी फळं गार करण्याची पायरी नाही, आणि धुलाईच्या पाण्यात जंतुनाशक नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७–१८ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसातून आलेल्या लिस्टेरियाने हजारावर लोकांना गाठलं आणि २१६ जणांचे जीव गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज सांगतो की दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, त्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं.

उलट उदाहरणही आहे. १९९३ साली अमेरिकेत नीट न शिजलेल्या खिम्यातून ई. कोलाय ओ१५७:एच७ पसरला आणि चार मुलं गेली. त्यानंतर तिथल्या मांस उद्योगाने एकाच उपायावर विसंबणं सोडलं. वाफेच्या झोताने मांसावरचे डाग ओढून घेणं, गरम पाण्याने धुणं, लॅक्टिक आम्लाचा फवारा, मग वेगाने थंड करणं, असे उपाय साखळीने लावले गेले. नियामकांनीही खिम्यातला तो जंतू १९९४ साली भेसळ ठरवला, म्हणजे तो सापडला की माल विकायचा नाही. उद्योग आणि यंत्रणा दोघांनी मिळून हलवलं तेव्हा ते हललं. हे तुमच्या हातातलं आहे हे मला त्यातून दिसतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

व्यवस्थापकांकडे : चालू साखळीतली कोणतीही पायरी काढायची, कमी करायची किंवा तिचा क्रम बदलायचा असेल तर आधी उरलेल्या साखळीची तुमच्याच लाइनवर चाचणी करा, सर्वांत वाईट दिवशीच्या पाण्यात आणि सर्वांत जास्त वेगाला. चाचणी होईपर्यंत पायरी चालू ठेवा. सफाईची वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकात ठरवून द्या आणि ती कमी करायचा अधिकार उत्पादन विभागाकडे ठेवू नका. धुलाईच्या टाकीत मोकळं क्लोरीन आणि पीएच सतत मोजणारी साधनं बसवा; पीएच चढला की मात्रा वाढवण्याआधी लाइन थांबवता आली पाहिजे. स्वॅब उत्पादन चालू असताना, योग्य नळीत, ड्रेनमधून आणि सांध्यांतून घ्यायचे, आणि पॉझिटिव्ह शोधून काढणाऱ्याला बोल लावायचा नाही. सफाई कामगारांना रसायनांचं प्रशिक्षण त्यांच्या भाषेत, कामाच्या वेळेत, पगारी द्या. ठिबकणारा रोलर त्यांनाच आधी दिसतो. ते सांगतील ते लिहून घ्यायची एक वही तरी ठेवा.

यंत्रणांकडे : एकेका रसायनाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नका, पूर्ण साखळीच्या चाचणीचा अहवाल मागा. थेट खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांच्या कारखान्याने एखादी निर्जंतुकीकरणाची पायरी काढली तर ते लेखी कळवणं बंधनकारक करा. आणि तपासणीला दिवसा दहा वाजता येता तसे कधी रात्री दोन वाजता या, जेव्हा सफाई चाललेली असते.

माझ्या कारखान्याच्या व्यवस्थापनाला मी हे पत्र प्रसिद्ध होण्याआधी वाचायला दिलं आहे. फवारा पुन्हा सुरू करून मला सहा आठवडे द्या, बोगद्यासह आणि बोगद्याशिवाय, फवाऱ्यासह आणि फवाऱ्याशिवाय, चारही प्रकारे चाचणी करून आकडे तुमच्या टेबलावर ठेवते, असं मी त्यांना सांगितलं आहे. आकडे फवाऱ्याच्या विरोधात गेले तर तो बंद करायच्या कागदावर पहिली सही माझी असेल. तोवर नव्या पद्धतीने निघणाऱ्या लॉटच्या कागदावर ‘विक्रीस योग्य’ या शब्दांखालची जागा मी कोरी सोडते आहे. या आठवड्यात असे सात कागद परत पाठवले.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ